झिपच्या पिशवीला तिसरा हात: घडीचा स्टँड घरी कसा करायचा आणि कसा वापरायचा

आमरस फ्रीझरमध्ये टाकायचा असतो. एका हातात डाव, दुसऱ्या हातात झिपची पिशवी. पहिला डाव नीट जातो. दुसऱ्याला पिशवीचं तोंड आत वळतं, तिसऱ्याला ती कलंडते आणि रस ओट्यावर. घरात दुसरं माणूस असेल तर "जरा पिशवी धर गं" म्हणता येतं. नसेल तर पिशवीला उभं धरणारं काहीतरी हवं.

अशी तयार साधनं बाजारात आहेत. ऑनलाइन दुकानात 'बॅग होल्डर' किंवा 'बॅगी रॅक' म्हणून शोधलं की दोन दांड्या, दोन चिमटे आणि एक बैठक असलेली, घडी होणारी प्लास्टिकची स्टँडं दिसतात. विकत घ्यायचं असेल तर काय बघायचं ते पुढे येईलच. पण ही वस्तू घरी करायला अवघड नाही. शिवाय आपण ज्या मापाच्या पिशव्या वापरतो, त्याच मापाची करता येते. हा लेख मुख्यतः घरी करण्याबद्दल आणि त्याहून जास्त नीट वापरण्याबद्दल आहे, कारण स्टँड चांगला असूनही सांडलवंड होते ती बहुतेक वेळा पिशवी चुकीची लावल्यामुळे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या

दांड्यांनी तोंड धरायचं, वजन ओट्याने पेलायचं. सगळी मापं याच एका नियमावर ठरतात.

लोक स्टँड करतात किंवा विकत आणतात आणि पिशवी दोन चिमट्यांना टांगतात, खाली हवा. एक लिटर पातळ पदार्थ म्हणजे साधारण एक किलो वजन. ते दोन चिमट्यांच्या टोकावर आलं की तीनपैकी एक काहीतरी होतं: चिमट्यातून प्लास्टिक सटकतं, दांडी आत झुकते, नाहीतर सगळा स्टँडच आडवा होतो. पिशवीचा तळ खाली टेकलेला असला तर चिमट्यांना जवळजवळ कामच उरत नाही. त्यांनी फक्त तोंड उघडं ठेवायचं.

दुसरी गोष्ट, चिमटा कुठे लावायचा. सवयीने हात पिशवीच्या दोन कडांकडे, म्हणजे शिवणीकडे जातो. तिथे धरून ताणलं तर तोंड मिटतं! चिमटे लावायचे ते पिशवीच्या पुढच्या आणि मागच्या पानाच्या मध्यावर. तिथे ओढलं की तोंड गोल उघडतं.

किती ओढायचं, याचा हिशोब शाळेतल्या परिघाच्या सूत्राचा आहे. पिशवी सपाट असताना 20 सेंमी रुंद असेल तर तोंडाचा घेर 40 सेंमी. 40 ला 3.14 ने भागलं की 12.7. म्हणजे दोन दांड्यांच्या टोकांत पावणेतेरा सेंमी अंतर ठेवलं की तोंड पूर्ण गोल होतं. त्याहून जास्त ताणलं तर ते दुसऱ्या दिशेने चपटं व्हायला लागतं. पाठ ठेवायला सोपं म्हणजे पिशवीच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशापेक्षा किंचित कमी. 15 सेंमी रुंदीला साडेनऊ, 25 ला सोळा. अमेरिकेत असाल तर तिथल्या क्वार्ट पिशवीची रुंदी साधारण 18 सेंमी, म्हणजे अंतर साडेअकरा. गॅलनची साधारण 27, म्हणजे सतरा.

करण्याआधी: डब्याचा उपाय पुरतोय का बघा

वर्षातून दोनदाच पिशव्या भरत असाल तर स्टँड करायचे कष्ट कशाला? एक लिटरचा उभा स्टीलचा डबा किंवा रुंद तोंडाची बरणी घ्या, पिशवी आत सोडा, काठ डब्याच्या तोंडावरून बाहेर उलटवा आणि भरा. मटार, खोबरं, सोललेल्या डाळिंब्या अशा कोरड्या गोष्टींना हे उत्तम.

अडचण पातळ पदार्थाला येते. भरलेली पिशवी डब्याच्या भिंतीला चिकटून फुगते आणि वर ओढताना खाली हवा शिरायला जागा नसल्यामुळे डबाच तिच्याबरोबर वर येतो. जोर लावला की पिशवी दबते आणि रस तोंडातून बाहेर. शिवाय डबा एका मापाचा, पिशव्या तीन मापांच्या. आठवड्याला वाटणं, पीठ, उसळीचं पाणी, कोळंबी असं काही ना काही भरणाऱ्या घराला स्टँडच बरा.

सामान

सगळं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, बरंचसं घरातच असतं.

बैठकीसाठी प्लास्टिकचा जुना चॉपिंग बोर्ड, साधारण 25 सेंमी लांब, 12 ते 15 सेंमी रुंद आणि 1 सेंमी जाड. मोठा असेल तर करवतीने कापून घ्या. प्लायवूड वापरता येतं, पण रोज ओलं होणार असेल तर साध्या प्लायचे पदर सुटतात. घ्यायचंच तर मरीन प्लाय, ज्यावर आयएस 710 असा शिक्का असतो, आणि कापलेल्या कडांना ऑइलपेंट लावायचाच. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या कडेला बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. माझं मत विचाराल तर चॉपिंग बोर्डच. धुता येतो, भोक सहज पडतं, वजनही बऱ्यापैकी असतं.

दांड्यांसाठी 2 सेंमी रुंद, 1 सेंमी जाड लाकडी पट्टी, प्रत्येकी 14 सेंमीचे दोन तुकडे. सुताराकडे सागाच्या उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात. मागितल्या तर बहुधा पैसेही घेत नाही.

दीड इंची लोखंडी अँगल दोन, म्हणजे काटकोनात वळवलेल्या त्या लहान पट्ट्या. प्रत्येक बाजूला दोन-दोन भोकं असलेले घ्या. 5 मिमी जाडीचे, 25 मिमी लांबीचे, चपट्या बसक्या डोक्याचे बोल्ट दोन. त्यांना दोन विंग नट, म्हणजे दोन कान असलेले, हाताने पिळता येणारे नट. अँगल बैठकीला बसवायला 4 मिमीचे चार बोल्ट-नट. नळाचे रबरी वायसर दोन, लोखंडी वायसर दोन. खाली लावायला चार रबरी बुटं. सहा इंची प्लास्टिकची फूटपट्टी एक. चिमटे कपडे वाळत घालायचे, पण नवे. जुन्या चिमट्यांची स्प्रिंग गंजलेली असते आणि तो गंज अन्नाजवळ नको.

हत्यारं: ड्रिल, करवत, पॉलिश पेपर, स्क्रूड्रायव्हर, थोडं आराल्डाइट. ड्रिल नसेल तर भोकं तेवढी सुताराकडून पाडून आणा.

दांडीची उंची कशी ठरवायची

वर 14 सेंमी लिहिलंय ते 8 बाय 10 इंची, म्हणजे साधारण 20 बाय 25 सेंमीच्या पिशवीसाठी. तुमच्या पिशवीचं माप वेगळं असेल तर असा हिशोब करा. रिकाम्या पिशवीची उंची घ्या. त्यातून 4 सेंमी वजा करा, तेवढा काठ बाहेर दुमडला जातो. आणखी 5 सेंमी वजा करा, कारण पिशवी भरली की पोटात फुगते आणि तेवढीच उंचीत बसते. 25 मधून 9 गेले, उरले 16. दांडीचं टोक बैठकीपासून एवढ्या उंचीवर यायला हवं. त्यातले साधारण अडीच सेंमी अँगलवरच्या भोकाच्या उंचीत जातात आणि एक सेंमी वरच्या फूटपट्टीच्या तुकड्यात. म्हणून बोल्टाच्या वर दांडी साडेबारा सेंमी आणि बोल्टाच्या खाली दीड.

दांडी जरा आखूड झाली तर चालते, काठ थोडा जास्त दुमडला की झालं. लांब झाली तर मात्र पिशवी लोंबकळते आणि आपला पहिला नियम मोडतो. म्हणून मापात शंका असेल तर कमीच धरा. घरात दोन मापांच्या पिशव्या असतील तर दांड्या मोठ्या पिशवीच्या करा आणि लहान पिशवी लावताना तिच्याखाली वाटी किंवा बसका डबा पालथा घाला. तळ टेकला पाहिजे, कशावर का टेकेना.

जोडणी

1. बोर्डाच्या लांबीत मधोमध पेन्सिलने एक रेघ मारा. तिच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमीवर समांतर रेघा मारा. मग दोन्ही टोकांपासून 5 सेंमी आत आडव्या खुणा करा. दोन खुणांत 15 सेंमी अंतर राहील.

2. डावीकडच्या खुणेवर एक अँगल ठेवा. त्याची उभी बाजू मधल्या रेघेच्या अलीकडच्या समांतर रेघेवर, आडवी बाजू बोर्डाच्या बाहेरच्या कडेकडे. उजवीकडच्या खुणेवर दुसरा अँगल उलटा, म्हणजे मधल्या रेघेच्या पलीकडच्या रेघेवर. दोघांच्या उभ्या बाजू मधल्या रेघेकडे तोंड करून, पण एकमेकींसमोर नाही, तिरप्या. असं का? कारण घडी घालताना दोन्ही दांड्या आत पडणार आहेत. त्या एकाच रेषेत असतील तर एकमेकींवर आदळतील. अशा बसवल्या की शेजारी शेजारी निजतात.

3. भोकांच्या जागा खुणा करून बोर्डाला आरपार भोकं पाडा. खालच्या बाजूने भोकाचं तोंड जरा रुंद करा, म्हणजे बोल्टाची डोकी बोर्डात बुडतील आणि ओट्याच्या ग्रॅनाइटला ओरखडे पडणार नाहीत. अँगल कसून घ्या.

4. दांड्यांना खालून दीड सेंमीवर 5 मिमीचं भोक पाडा. खालचं टोक पॉलिश पेपरने गोल करा. सगळ्याच कडा गुळगुळीत करा. बारीक कूस राहिली तरी पातळ पिशवीला ती सुईच.

5. बोल्ट दांडीच्या बाजूने घाला, डोकं लाकडात पूर्ण बुडेल इतकं भोक रुंद करून. डोक्याखाली आराल्डाइटचा थेंब लावा आणि वाळू द्या, नाहीतर नट पिळताना बोल्टही गरागरा फिरत बसतो. दांडी आणि अँगल यांच्यामध्ये नळाचा रबरी वायसर. बोल्ट अँगलच्या वरच्या भोकातून पलीकडे काढा, लोखंडी वायसर घाला आणि विंग नट पिळा. दांड्या अशा रीतीने दोन अँगलांच्या मधल्या पट्ट्यात येतात आणि नट बाहेरच्या बाजूला. वरचंच भोक घ्यायचं, कारण खालच्या भोकात नटाचे कान बोर्डाला अडकतात. अँगलचं भोक बोल्टाला लहान पडलं तर ड्रिलने वाढवून घ्या.

रबरी वायसर हा या सगळ्यातला कळीचा तुकडा आहे. लाकूड आणि लोखंड थेट घासले तर नट कितीही पिळा, दांडी हळूहळू आत झुकतेच. मध्ये रबर असलं की थोडं पिळूनही दांडी हवी त्या कोनात अडून राहते. आणि याच कोनावर आपण दोन टोकांतलं अंतर कमीजास्त करणार आहोत. खाली 15 सेंमी कायम. वर आत झुकवलं तर तेरा, आणखी झुकवलं तर साडेनऊ, बाहेर झुकवलं तर सतरा. अँगल तिरपे बसल्यामुळे दांड्या अगदी समोरासमोर नसतात, सेंटिमीटरभर इकडेतिकडे असतात. त्याने तोंडाच्या आकाराला फरक पडत नाही.

6. फूटपट्टीचे 5 सेंमीचे दोन तुकडे करा. कापलेल्या कडा घासून कोपरे गोल करा. प्रत्येक तुकडा दांडीच्या टोकावर, आतल्या बाजूला, आडवा बसवा, टोकाच्या वर सुमारे 1 सेंमी येईल असा. लहान स्क्रू आणि आराल्डाइट दोन्ही वापरा. प्लास्टिक तडकू नये म्हणून स्क्रूआधी बारीक भोक पाडून घ्या. या आडव्या तुकड्यामुळे पिशवीला एका टोकाऐवजी पाच सेंमीचा आधार मिळतो आणि चिमट्याला पकडायला पातळ, गुळगुळीत जागा. एक सेंमी जाड लाकडावर कपड्याचा चिमटा धड बसत नाही.

7. बोर्डाखाली चार कोपऱ्यांत रबरी बुटं लावा.

घडी घालताना दोन्ही नट सैल करा आणि दांड्या आत पाडा. सगळं मिळून दोन इंच उंचीचं होतं, ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये बसतं.

आता पाण्याने परीक्षा घ्या. जुनी पिशवी लावून तिच्यात लिटरभर पाणी ओता, बेसिनमध्येच. बोटाने पिशवी हलकेच ढकला. दांडी झुकली तर नट आणखी पिळा. तरीही झुकत असेल तर जवळजवळ नक्कीच पिशवीचा तळ टेकलेला नाही. उंची तपासा, नटाशी भांडू नका.

तयार स्टँड घ्यायचा असेल तर

बैठक रुंद आणि जड आहे का बघा. फोटोत सगळेच ऐटीत उभे असतात, प्रत्यक्षात बैठक हलकी असेल तर भरताना पुढे कलंडतात. दांड्यांची उंची कमीजास्त करता येते का, हा दुसरा प्रश्न, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा. उंची कायमची असेल तर लिहिलेली मापं तुमच्या पिशवीशी ताडून बघा. चिमट्याचा जबडा आतून गुळगुळीत किंवा रबरी हवा, दातेरी नको. बैठकीला व्हॅक्यूम कप असेल तर तो ग्रॅनाइटवर किंवा काचेवर पकडतो, खडबडीत कडाप्प्यावर नाही. बाकी रंग, दोनाचा जोड, वरून मिळणारे लिंबू पिळायचे फुकट यंत्र, याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

पिशवी लावणं

बैठकीवर एक लहान ताटली ठेवा. सांडलं तर तीच धुवायची, आणि अँगलच्या कडांपासून पिशवीही लांब राहते.

पिशवी पूर्ण उघडा, आत हात घालून तळाचे दोन कोपरे बाहेरच्या बाजूला ढकला आणि मग खालून आत दाबा, म्हणजे तिला बसायला चपटा तळ मिळेल. काठ शर्टाची बाही दुमडावी तसा बाहेर उलटवा, चार सेंमी. झिपची खाच काठापासून साधारण दोन-अडीच सेंमीवर असते, त्यामुळे ती दुमडीच्या बाहेरच्या बाजूला जाते आणि तिला रस लागत नाही. दुमडीचा खरा फायदा हाच. खाचेत मटाराचं साल किंवा खोबऱ्याचा कीस अडकला की झिप लागल्यासारखी वाटते, पण लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फ्रीझरच्या तळाशी गोठलेला ओघळ दिसतो. दुमडीमुळे तोंडाला आपसूक ताठपणाही येतो. सपाट पातळ प्लास्टिक उभं राहत नाही, वळलेलं राहतं.

आता ही दुमड दोन्ही फूटपट्टीच्या तुकड्यांवर चढवा, पानाच्या मध्यावर, आणि वरून चिमटे लावा. चिमटा दुमडीच्या घडीवर यायला हवा, झिपच्या खाचेवर नाही. खाच एकदा चेपली की ती पिशवी फक्त मिठाच्या कामाची. ऑफिसातल्या काळ्या बाइंडर क्लिपा म्हणूनच नकोत, त्यांची पकड फार कडक असते.

शेवटी दांड्या आत-बाहेर करून तोंड गोल करा आणि नट पिळा.

भरणं

पदार्थ पूर्ण निवलेला हवा. झिपच्या पिशव्या बहुधा एलडीपीई प्लास्टिकच्या असतात, तळाशी त्रिकोणात 4 आकडा दिसेल. ते वितळतं 105 अंशांच्या पुढे, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. उकळती आमटी ओतली तर शिवण सुटू शकते. पेला आणि काटाचमचा असं चिन्ह असलेल्या, म्हणजे अन्नासाठीच्या पिशव्या घ्या. कपड्यांच्या किंवा दागिन्यांच्या दुकानातून आलेल्या झिपच्या पिशव्या सुयादोऱ्यासाठी ठेवा.

ओतताना डाव पिशवीच्या आत, तळाजवळ नेऊन रिकामा करा. वरून धार सोडली की शिंतोडे काठावर येतात. रसासारखा घट्ट पदार्थ आधी मध्यावर घाला, तो कडेला आपोआप पसरतो. फोडी असलेलं काही, म्हणजे उसळ किंवा सांबार, असेल तर आधी फोडी आणि मग पाणी.

पाऊण भरली की थांबा. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण 9 टक्के फुगतो आणि आपल्या बहुतेक पदार्थांत पाणीच पाणी असतं. गच्च भरलेली पिशवी फ्रीझरमध्ये शिवणीवर उसवते. 20 बाय 25 च्या पिशवीत मी अर्ध्या लिटरच्या वर कधी भरत नाही. तेवढंच एका वेळेला लागतं आणि गोठतंही लवकर.

काढणं: इथेच बहुतेक सांडतं

आधी एक चिमटा काढा आणि त्या बाजूचा काठ सरळ करा. मग दुसरा. दोन्ही चिमटे एकदम काढले की तोंड मिटतं आणि आतला रस उसळून वर येतो. काठ सरळ झाले की झिप एका कडेपासून लावत या, शेवटचे दोन सेंमी उघडे ठेवा. मग उचला, पण झिपला धरून नाही. एक हात ताटलीखाली, दुसरा गळ्याशी.

हवा काढायची पद्धत पदार्थावर ठरते. पातळ असेल तर पिशवी ओट्याच्या कडेला हळूच आडवी टेकवत न्या, रस वर चढतो, हवा उघड्या फटीतून जाते, रस फटीशी आला की झिप बंद. मटार, कोळंबी किंवा फोडी असतील तर पातेल्यातल्या पाण्यात पिशवी झिपपर्यंत बुडवा, फट पाण्याच्या वर ठेवून. पाण्याचा दाब चारी बाजूंनी हवा बाहेर ढकलतो. मग झिप लावा आणि पुसा. हवा उरली की आत बर्फाचे कण धरतात, पदार्थ कोरडा पडतो, मटार चामट होतात.

नाव आणि तारीख पिशवी भरायच्या आधी लिहा. कायम टिकणाऱ्या मार्करने, कोरड्या प्लास्टिकवर. गोठल्यावर आलं-लसणाचं वाटण आणि हिरवं वाटण ओळखू येतं, पण चिंचेचा कोळ आणि खजुराची चटणी यांत फरक करून दाखवा बरं.

मग पिशवी थाळीत आडवी ठेवून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन सेंमी जाडीची, सपाट. उणे 18 अंशांना ती गोठली की पुस्तकांसारख्या उभ्या रचता येतात. वाटण, आलं-लसूण, खवलेलं खोबरं यांच्या पिशवीवर गोठण्याआधी फूटपट्टीच्या कडेने आडव्या-उभ्या रेघा दाबा. पुढे त्या रेघांवर मोडून हवा तेवढा तुकडा काढता येतो, अख्खी पिशवी वितळवायला नको.

काही पदार्थांबद्दल वेगळं

मटार सोलून थेट भरू नका. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर पूर्ण कोरडे. थाळीत सुटे पसरून तासभर फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग स्टँडवर लावलेल्या पिशवीत ओता, एकमेकांना चिकटणार नाहीत. डाळिंब्याही अशाच.

कढीपत्ता धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय पिशवीत घालायचा नाही, नाहीतर काळा पडतो. कोथिंबीर फ्रीझरमध्ये मरगळते. चटणीला चालेल, वरून भुरभुरायला नाही.

इडलीचं पीठ फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर पिशवी अर्धीच भरा आणि झिपला बारीक फट ठेवा. थंडीतही आंबणं पूर्ण थांबत नाही, वायू साचतो आणि पिशवी फुगते.

लोणचं, कोकम आगळ, तेलातलं काहीही या पिशव्यांत नको. तेल आणि आंबट-खारट पदार्थ फार काळ प्लास्टिकशी ठेवू नयेत, त्यांना काचेची बरणी आहेच. आणि पातळ प्लास्टिक वासही अडवत नाही. हिंग किंवा सुकट साध्या पिशवीत ठेवली तर शेजारच्या आमरसालाही तिचा परिचय होतो.

धुणं आणि पुन्हा वापर

खोबरं, मटार, पोळ्या यांच्या पिशव्या कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुऊन पुन्हा वापरता येतात. वाळवायला हाच स्टँड: पिशवी उलटी करून एका दांडीवर चढवा, आत वारा खेळतो. फूटपट्टीच्या तुकड्याचे कोपरे गोल केले असतील तर पिशवी फाटत नाही. कच्ची मासळी, कोळंबी, चिकन यांची पिशवी मात्र धुऊनही पुन्हा घेऊ नका. कोपऱ्यांतल्या शिवणीत काय उरतं ते दिसत नाही.

स्टँड धुतल्यावर नट सैल करून उभाच वाळू द्या. रबरी वायसर काही महिन्यांनी चपटा होतो आणि दांडी घसरायला लागते. वायसर बदला, काम संपलं. दांड्यांच्या लाकडाला वर्षातून एकदा खोबरेल तेलाऐवजी जवसाचं तेल चोळा. ते सुकून लाकडावर थर धरतं, खोबरेल धरत नाही.